किल्ली आत, आपण बाहेर

वाचकाचं पत्र

नमस्कार,

आम्ही कोथरूडला, पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. सदाशिव पेठेत माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. गेल्या महिन्यात रात्री अकराच्या सुमाराला कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवायला गेले, मागून वाऱ्याने दार आपटलं आणि लॅच लागलं. अंगात गाऊन, पायात चप्पल नाही, मोबाईल आत. हे नाशिकला गेलेले, सासूबाई धाकट्या दिरांकडे. गॅसवर काही नव्हतं, एवढंच नशीब.

शेजारच्या मुलाने त्याच्या मोबाईलवर शोधून एक नंबर लावला. ‘येण्याचे १९९ रुपये, पंधरा मिनिटांत माणूस पोचेल.’ दीड तासाने दोघं आले. दाराकडे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, ‘हे उघडण्यातलं नाही, ड्रिल मारावं लागेल.’ ड्रिल मारलं, त्यांच्याच पिशवीतलं नवं लॅच बसवलं आणि ५,२०० रुपये मागितले. रात्रीचा एक वाजत आला होता. वाद घालायची ताकद नव्हती, मोबाईलवरून पैसे पाठवून दिले. पावती मागितली तर ‘व्हॉट्सॲपवर टाकतो’ म्हणाले. ती आजतागायत आली नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा चावीवाला म्हणाला, ‘काकू, जुनं लॅच मी न तोडता उघडलं असतं.’ हे म्हणतात, मला फोन का नाही केलास. सासूबाई म्हणतात, आमच्या वाड्यात असं कधी झालं नाही. पैसे परत मिळतील का? नव्या लॅचच्या किल्ल्या त्या माणसांनीच दिल्यात, ते चालेल का? पुन्हा असं झालं, घरी किंवा दुकानात, तर काय करायचं? शेजारी एक किल्ली ठेवू या म्हटलं, तर सासूबाईंचं म्हणणं, ‘किल्ली दिली म्हणजे घर दिलं.’

— दाराबाहेरची, कोथरूड

उत्तर

ताई, सुरुवात सासूबाईंपासून करतो, कारण त्यांचं बरोबर आहे. वाड्यात असं होणं शक्यच नव्हतं. दाराला आतून कडी नाहीतर अडसर, बाहेरून कोयंड्यात कुलूप. माणसाने हाताने लावल्याशिवाय यातलं काहीच लागत नाही. आणि घर रिकामं कधी नसायचं. रात्री उशीर झाला, दिंडी दरवाजा लागलेला असला, तरी आत कोणीतरी जागं व्हायचंच. फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागायचे. आपलं आपण लागणारं कुलूप आलं ते फ्लॅटबरोबर.

लॅचची जीभ एका बाजूने तिरपी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. दार लोटलं की ती चौकटीवरच्या पट्टीला घासत मागे सरते आणि खाचेसमोर आली की टकदिशी बाहेर येते. त्याला किल्ली लागत नाही, आणि तुम्ही आत आहात की बाहेर हे तिला कळत नाही. म्हणूनच बहुतेक लॅचना आतल्या बाजूने जीभ मागे अडकवून ठेवायचा एक बारीक खटका असतो. आपल्याकडे तो सुताराने लॅच बसवलं त्या दिवसापासून कोणी हलवलेला नसतो. कचरा ठेवायला, दूध घ्यायला, पार्सलवाल्याला पैसे द्यायला बाहेर पडायचं तर आधी तो खटका मागे. मी नऊ वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दाराबाहेर अडकलेली माणसं पुष्कळ पाहिली. गावाला निघालेलं त्यांत कोणीच नव्हतं. गावाला निघालेला माणूस खिशातली किल्ली तीनदा चाचपतो. अडकतो तो दोन मिनिटांसाठी बाहेर आलेला.

आता त्या रात्रीचं. दार नुसतं आपटून लागलं होतं, किल्लीने वळसे दिलेले नव्हते. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसती स्प्रिंगवर असलेली जीभ मागे सारणं हे कसबी चावीवाल्याच्या रोजच्या कामातलं काम. कसं ते इथे लिहीत नाही, हे सदर चोरही वाचत असतील. किल्ली फिरवून जीभ पक्की केली असेल तर मात्र कुलपाच्या आतल्या पिना किंवा लिव्हर एकेक करून जागेवर आणाव्या लागतात, त्याला वेळ लागतो. म्हणून ज्याला काम येतं तो फोनवरच विचारतो: लॅच आहे की मॉर्टिस, म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून बसवलेलं कुलूप? दार आपटून लागलंय की किल्लीने? किल्ली हरवली की आत राहिली? आतून कडी लागलीय का? बाहेर सेफ्टी डोअर आहे का? तुमच्या शेजारच्या मुलाला काय विचारलं होतं, आठवून बघायला सांगा त्याला. मी पैजेवर सांगतो, फक्त पत्ता.

‘उघडण्यातलं नाही’ या वाक्यावर मला थोडं बोलायचंय. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याने १७९० पासून दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं आणि पाटी लावली होती की हे उघडणारं हत्यार जो करेल त्याला २०० गिनी. साठ वर्षं ती पाटी तशीच होती. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कारागीर आला, त्याने आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप २५ मिनिटांत उघडलं आणि मग ब्रामाचं घेतलं. त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं. जगातल्या त्या काळच्या सर्वांत अवघड कुलपाला ५१ तास. आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरचं आपटून लागलेलं लॅच उघडणार नाही, हे तुमच्या माणसाने दोन मिनिटांत ठरवलं. त्याला कुलूप उघडायचंच नव्हतं. त्याला पिशवीतलं लॅच विकायचं होतं. १९९ रुपये हे बोलावून घेण्यापुरते, कमाई ड्रिलमध्ये.

ड्रिल वाईटच असं नाही, हेही सांगतो. दोन्ही बाजूंनी खळगे असलेल्या नव्या चपट्या किल्ल्यांची काही कुलुपं, किंवा आत किल्ली तुटून सिलिंडर (किल्ली जाते तो गोल भाग) जाम झालेलं कुलूप, चांगल्या माणसालाही फोडावं लागतं. पण तो आधी खटपट करून बघतो, मग तुमच्याकडे वळून सांगतो की हे आता फोडावं लागेल, फोडण्याचे इतके, नवीन घेतलंत तर त्याचे इतके, चालेल का. आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत ड्रिलची वायर बोर्डात जात नाही.

भाव विचारताना ‘किती होतील?’ असं मोघम विचारू नका. येण्याचे किती, उघडण्याचे किती, रात्रीचे जास्त असतील तर किती, असं सुटं सुटं विचारा. शेवटी एक प्रश्न टाका: ‘नाही उघडलं तर काय घेणार?’ या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प राहतो त्यावरून बरंच समजतं. मग हेच आकडे त्याला मेसेजमध्ये लिहून पाठवायला सांगा. मोबाईल शेजाऱ्याचा असला तरी चालतो.

तुमच्या पत्रात मला ५,२०० रुपयांपेक्षा जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुम्ही लिहिलेलीच नाही. घर तुमचंच कशावरून, हे त्यांनी विचारलं होतं का? रात्री साडेबाराला एक बाई म्हणते हे माझं घर, आणि दोन माणसं मुकाट्याने दार फोडतात. उद्या दुसरी बाई येऊन तुमच्या दारापुढे तेच म्हणाली तर? माझ्या माहितीतला चावीवाला आधी शेजाऱ्याला बोलावतो, मग काम करतो आणि दार उघडल्यावर आधार कार्ड किंवा लाइट बिल बघून वहीत पत्ता, मोबाईल नंबर आणि सही घेतो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना याचा भयंकर राग आला होता. ‘माझ्याच घरात जायला मी तुला पुरावा देऊ?’ द्यायचा, साहेब. तो मागतो म्हणूनच त्याला बोलवायचं.

पैशांचं बोलू. पूर्ण रक्कम परत मिळेल अशी आशा ठेवू नका. दार उघडलंय, लॅच बसलंय, काहीतरी काम झालंच आहे. पण गप्पही बसू नका. पैसे मोबाईलवरून गेलेत हे बरं झालं, कोणाच्या खात्यात, किती, किती वाजता, सगळं लिहिलेलं आहे. त्या नंबरवर साधा मेसेज टाका: अमुक तारखेला अमुक काम केलंत, फोनवर येण्याचे १९९ सांगितले होते, ५,२०० घेतले, तपशीलवार पावती द्या आणि जास्तीचे परत करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात काम करून पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, तेव्हा पावती मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती याच शहरात. त्या पुण्यात आपण ‘जाऊ दे, कुठे कटकट’ म्हणून सोडून देतो. तरीही, दुकान सांभाळून आयोगाच्या चकरा मारायच्या की १९१५ वर थांबायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर १९१५ वर थांबलो असतो.

याच निमित्ताने एक सावधगिरी. असे नंबर लावले की काही वेळा ‘बुकिंगसाठी दहा रुपये भरा’ म्हणून लिंक येते किंवा एखादं ॲप डाउनलोड करायला सांगतात. तो चावीवाला नसतोच. कुलूप राहील बाजूला, खातं रिकामं होईल. चुकून पैसे गेले तर ताबडतोब १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

नवं लॅच ठेवू नका. ती माणसं चोर आहेत असं मी म्हणत नाही. पण सुटं पिशवीतून निघालेलं कुलूप, त्याच्या किती किल्ल्या होत्या हे तुम्हाला माहीत नाही, आणि घर त्यांनी आतून पाहिलंय. लॅचचा मोबाईलवर फोटो काढा, दाराची जाडी आणि भोकांमधलं अंतर टेपने मोजा आणि रविवार पेठेत बोहरी आळीत जा. तिथले दुकानदार फोटो बघूनच सांगतात कोणतं बसेल. सीलबंद खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा, किल्ल्या मोजून घ्या. बसवायला कोपऱ्यावरच्या त्याच चावीवाल्याला बोलवा, ज्याने तुम्हाला काकू म्हटलं. मॉर्टिस असतं तर फक्त सिलिंडर बदलून भागलं असतं, लॅचला तसं सहसा होत नाही. घेताना एक बघा: आतल्या बाजूने मूठ फिरवून उघडणारं घ्या. दोन्हीकडून किल्ली लागणारं घेऊ नका. सासूबाई घरात आणि तुम्ही सवयीने बाहेरून किल्ली फिरवून दुकानात, असं झालं तर त्या आत कोंडल्या जातील. आग लागली तर काय होईल ते लिहायला नको.

नवीन लॅच बसल्यावर किल्लीचा फोटो कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका, अगदी ‘हीच का ती?’ विचारायलासुद्धा. दात स्पष्ट दिसत असतील तर फोटोवरूनही किल्ली घासता येते.

‘गॅसवर काही नव्हतं, एवढंच नशीब’ असं तुम्ही लिहिलंय. असतं तर? गॅस चालू असेल, लहान मूल आत असेल, किंवा आतलं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर चावीवाला शोधत बसायचं नाही. १०१ लावायचा. अग्निशामक दल म्हणजे फक्त आग, असं आपल्या डोक्यात बसलंय, पण दार लागून मूल आत अडकलं म्हणून जवान गॅलरीतून किंवा खिडकीतून आत उतरले, अशा बातम्या पुण्याच्या पेपरात आपण नेहमी वाचतो. कोथरूडला त्यांचं केंद्र आहे. फोनवर मजला, विंग आणि नेमकं कोण अडकलंय ते सांगायचं, आणि एकाला गेटवर उभं करायचं. मूल दाराजवळ असेल तर त्याच्याशी बोलत राहायचं. कडी काढ, कडी काढ म्हणून दहा जणांनी ओरडलं की ते रडत आतल्या खोलीत पळतं.

आमच्या इमारतीत एक आजी एकट्या राहायच्या. मुलगा अमेरिकेत. त्यांच्या लॅचची एक किल्ली रीतसर पाकिटात घालून शेजारी दिलेली, सगळं अगदी नीट. एके सकाळी दुधाची पिशवी दारात तशीच, फोन वाजतोय, उचलत नाहीत. किल्ली आणली, लॅच फिरलं, दार मात्र हललं नाही, कारण झोपताना त्यांनी आतून वर-खाली दोन्ही टॉवर बोल्ट लावले होते. ११२ लावला, पोलीस आले, अग्निशामक दलाची माणसं आली, दार फोडलं. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. वाचल्या. पण चोराच्या भीतीने घातलेल्या त्या दोन बोल्टांनी दीड तास खाल्ला. त्यानंतर आम्ही सोसायटीतल्या एकट्या राहणाऱ्या सगळ्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन सांगितलं: रात्री लॅचला आतून दोन वळसे द्या, बाहेरचं सेफ्टी डोअर किल्लीने लावा आणि त्याचीही किल्ली शेजारी द्या, पण बोल्ट लावू नका. अर्ध्यांनी ऐकलं. उरलेले म्हणाले, बोल्ट लावल्याशिवाय झोप येत नाही. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, न्हाणीघरात जाताना मोबाईल बरोबर न्या, एवढंच सांगितलं. पुण्यात निम्म्या इमारतींमध्ये अशी घरं आहेत, तुमच्याही असतील. तुमच्या सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा.

आता पुढच्या वेळेचं. चावीवाला शोधायची वेळ म्हणजे दार उघडं असतानाची. कोपऱ्यावरचा तो लाकडी खोका, त्यावर रंगवलेली मोठी किल्ली, खिळ्यांवर लटकणाऱ्या कोऱ्या किल्ल्या, शिकंजा आणि कानस: त्याच्याकडे जाऊन दोन किल्ल्या करून घ्या. काम कसं करतो ते उभं राहून बघा. नवी किल्ली कुलपात घालून, फिरवून मगच पैसे द्या म्हणतो का? जास्तीची तिसरी किल्ली काढून ठेवत नाही ना? मग विचारा: रात्री येता का, कुठे राहता, रात्रीचं काय घेता. सगळेच येत नाहीत. दिवसभर उन्हात बसलेला माणूस रात्री झोपणार, त्यात त्याची चूक नाही. पण तो त्याच्या ओळखीच्या दुसऱ्याचा नंबर देतो. असे दोन नंबर सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत आणि जिन्यातल्या फळ्यावर लिहून ठेवा. तुमचा मोबाईल तर आतच राहणार आहे.

आणि पावसाळ्यात दार उघडेना म्हणून लगेच कोणालाही बोलवू नका. ओलाव्याने लाकडी दार फुगतं, जीभ खाचेला घासते, आणि आपण कुलपाला शिव्या देतो. दार स्वतःकडे ओढून किंवा खांद्याने दाबून मग किल्ली फिरवा, बहुतेक वेळा फिरते. किल्ली घट्ट जात असेल तर खोबरेल तेल नको, त्याला धूळ चिकटून पुढच्या वर्षी आणखी घट्ट. पेन्सिलचं शिसं किल्लीवर घासा आणि चार-पाच वेळा आतबाहेर करा. किल्ली आत तुटली तर उरलेला तुकडा घालून फिरवायचा प्रयत्न करू नका; तुटलेला आणखी आत जातो.

डिजिटल लॉक घेऊ का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमचे यजमान विचारतील. घ्या, पण ते बॅटरीवर चालतं. बॅटरी पार उतरली तर बऱ्याच मॉडेलना बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा यूएसबीने तात्पुरती वीज देता येते आणि बरोबर एक साधी किल्लीही येते. ती किल्ली लोक घरातल्या कपाटात ठेवतात!

दुकानाचा मामला निराळा आहे. शटरला बहुधा मधोमध एक सेंटर लॉक असतं, त्याच्या दांड्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये जातात, आणि खाली दोन बाजूंना दोन कुलुपं. किल्ली फिरतेय पण शटर उचलत नाही, तर शटर पायाने खाली दाबून किल्ली फिरवा, दांड्या मोकळ्या होतात. बाजूच्या कुलपांची किल्ली हरवली तर ती सरळ कापून टाका, दुसरी कुलुपं स्वस्त पडतात. सेंटर लॉक मात्र ग्राइंडरने कापायची घाई करू नका. शटरच्या पट्ट्या वाकल्या की पुढचा खर्च कुलपाच्या कितीतरी पट. आणि रात्री सदाशिव पेठेत ग्राइंडर चालवायचा असेल तर आधी वरच्या मजल्यावरच्यांना आणि जवळच्या पोलीस चौकीला कळवा. शॉप ॲक्टची नोंद, लाइट बिल किंवा भाडेकरार यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पेठेत कोणाच्या शटरशी कोण खटपट करतंय हे तीन खिडक्यांतून तरी बघितलं जातं, आणि ते चांगलंच आहे.

मदतनीस मुलगी काम सोडून गेली तर तिच्याकडून किल्ली परत घेणं पुरेसं नाही, बाजूची कुलुपं बदला. तिच्यावर अविश्वास म्हणून नाही. उद्या काही झालं तर तिचं नाव येऊ नये म्हणून. दुकानात तिजोरी असेल आणि तिची किल्ली हरवली तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्यालाच बोलवा, खरेदीची पावती जपून ठेवा. आणि कधी तुमच्या कुलपावर जागामालकाने स्वतःचं कुलूप घातलेलं दिसलं, तर ते काम चावीवाल्याचं नाही. हात लावू नका, फोटो काढा, पोलिसांना कळवा आणि वकील गाठा. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, परस्पर कुलूप घालून जागा खाली करता येत नाही.

राहिले यजमान. त्यांना विचारा, मोबाईल हातात नसताना त्यांना तुमचा नंबर पाठ आहे का. बहुधा नसेल. दोघांनी एकमेकांचा नंबर पाठ करा, शाळेत पाढे करायचो तसा.

किल्ली दिली म्हणजे घर दिलं, हे सासूबाईंचं वाक्य मी दोन दिवस मनात घोळवतोय. कुंडीखाली, पायपुसण्याखाली, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीत किल्ली ठेवणारी माणसं हेच वाक्य म्हणतात आणि मग घर येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊन टाकतात. रात्री अकराला तुम्ही अनवाणी उभ्या होतात तेव्हा तो मुलगा दीड तास जागा होता. त्याच्या आईने तुम्हाला आत बसवलं असणार, चहा दिला असणार. पण त्याच घरी किल्ली द्या असं मी सांगत नाही. तुमच्या मजल्यावर कोण कसं आहे हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल; दुपारभर दार उघडं टाकून त्या बसतात, तुम्ही दुकानात असता. किल्ली कोणाकडे ठेवायची ते त्यांनाच ठरवू द्या, आणि पाकीटही त्यांच्याच हाताने जाऊ दे. पाकिटावर फ्लॅटचा नंबर मात्र लिहू नका.